आप्पांनी न विकलेला शालू

तार हाती पडली तवा मी हैदराबादला होतो. परभणीला उतरलो तोवर आप्पांना माती देऊन झाली होती. आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देतात. काका म्हणले, "लय नीट बसले बघ." आणि मला रडू यायच्या आधी नाटक आठवलं... आता दोन महिने झालेत, तर सांगूनच टाकतो.

आप्पांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, कापडाचं दुकान. मिशा काढून लुगडं नेसणाऱ्याला पायरी चढू द्यायची न्हाई, एवढंच त्यांचं नाटकाबद्दल मत. पण एकदा एक संगीत कंपनी रेल्वेनं आली आणि तिची कपड्यांची पेटी गाडीतच राहिली, गेली पुढं. खेळाची इजाजत एकाच दिवसाची, त्यामुळं थांबायची सोय न्हाई. मॅनेजर राणीचं काम करणाऱ्या नटाला घेऊन आमच्या दुकानात आला. जरीचं एकच वस्त्र होतं, माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या लग्नाचा शालू, अन् लग्न पुढच्याच आठवड्यात. आप्पा न्हाईच म्हणत होते. तेवढ्यात त्या नटानं शालूची घडी मोडली आणि परत तश्शीच घातली, एक चुणी पडू दिली न्हाई. आप्पा बघतच राहिले.

"न्या," ते म्हणले. "पण जमिनीला लागता कामा नये. आणि आमच्या घरात कळता कामा नये."

संध्याकाळी आप्पा अन् मी खेळाला गेलो ते नाटक बघायला न्हाई, शालू बघायला. पहिला अंकभर आप्पांची नजर काठावरून हलली न्हाई. खेळाचा मातीचा चौथरा दुपारीच शेणानं सारवलेला, अजून ओला. मग कधीतरी त्यांची नजर वर गेली... राणीला पोराच्या मरणाची खबर येते, तिथं. राणीनं धाडकन खाली बसायचं, न् हा गडी दोन्ही हातांनी निऱ्या उचलून ताठ उभा. दिलेला शब्द पाळायलाय. लोक हसायले.

"हिचं लेकरू मेलंय का शेजारणीचं?"

"बाईला खुर्ची द्या रे कुणीतरी."

आप्पा उठले. मला वाटलं, घरी चालले. ते मोठ्यानं म्हणले, "बसा बाई. खाली बसा. लुगड्याचं मी बघतो."

नटानं एकदा त्यांच्याकडं बघितलं आणि अंग टाकून दिलं. त्यानंतर कुणी हसलं न्हाई. आप्पा उपरण्यानं डोळे पुसायले होते.

शेणाचा हिरवा डाग काही निघाला न्हाई. माय म्हणली, "नाटक्याचं उतरलेलं माझ्या लेकीला?" दुसरा शालू यायला वेळ नव्हता. अक्का साध्या इरकली लुगड्यात चारठाण्याला नांदायला गेली. तिथं सासू वर्षभर म्हणायची, "कापडवाल्याची लेक म्हणे."

आप्पा मात्र कामातून गेले. नांदेड, जालना, खेळ असला की दुकानाला कुलूप. गिऱ्हाइकाला लुगडं मोजता मोजता मधेच हातातला गज तलवारीसारखा धरायचे अन् राजा व्हायचे. सगळ्या गावाला त्यांनी ते नाटक सांगितलं. अक्का माहेरी आली की तेवढे गप्प. तिच्यापुढं एकदाच सुरू केलं होतं, तर ती उठून चुलीकडं गेली. शालू दुकानातल्या वरच्या फळीवर ठेवलेला. कुणी मागितला तर, "विकायचा न्हाई तो."

परवा अक्का आली. दुकान उघड म्हणली. शालू तिनं स्वतः काढला, आप्पांच्या गादीवर बसली, मांडीवर पसरला. डाग आता पिवळट झालाय, तळहाताएवढा. त्यावर तिनं कडेकडेनं बोट फिरवलं...

"तिचं पोरगं कशानं मेलं?"

मला कळेना, कुणाचं.

"त्या राणीचं रे. सांग की. पहिल्यापासून सांग."

मी कोपऱ्यातला गज उचलला.