रेवदंड्याचा नारळ

रायपूरच्या बुढापारा मोहल्ल्यातल्या विनोदिनीबाईंचं माहेर समुद्राकाठचं, रेवदंड्याचं, हे गल्लीत साऱ्यांना ठाऊक होतं. ते सांगितल्याशिवाय त्या कुणाला सोडतच नसत. खाडीच्या तोंडाशी किल्ला, तटाच्या आत गाव, गावात वडिलांची नारळीची वाडी. खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात येणारी-जाणारी गलबतं. म्हणून एवढ्याशा गावावर सगळ्यांचा डोळा. निजामशाहीच्या काळात फिरंगी आले. फिरंग्यांना मराठ्यांनी काढलं, मराठ्यांना इंग्रजांनी. हे सांगून वडील शेवटी म्हणायचे, "राज्य कुणाचंही असो, नारळी पुनवेचा नारळ ओहोटीलाच सोडायचा. भरतीला सोडला तर परत येतो."

लग्न होऊन त्या रायपूरला आल्या, तेव्हा सासरी ती पुनव नुसती राखीची म्हणून माहीत. घराणं भोसल्यांच्या फौजेबरोबर इकडं आलेलं. समुद्र कुणी पाहिलेला नाही. नवी सून बुढा तलावात नारळ सोडायला निघाली, तशा सासूबाई म्हणाल्या, "जा बाई, तुझ्या समुद्राले आमचाही नमस्कार सांग."

नारळ धाकटा भाऊ अनंतराव पाठवायचा. त्यानं लग्न केलं नव्हतं, वाडीत एकटाच राहायचा. इकडून राखी जायची, तिकडून तरटात शिवलेला असोला नारळ यायचा, सोडणासकट, वरच्या जाड सालीसकट. विनोदिनीबाई मागल्या दारी कोयत्यानं तो स्वतः सोलायच्या. नारळ तलावाला आणि सोडणाचा काथ्या वर्षभर भांडी घासायला.

नवं राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, गल्लीत फटाके फुटले, तेव्हा त्या मोरीत बसून त्याच काथ्यानं कढई घासत होत्या. मुलाला, सौमित्रला, म्हणाल्या, आता तुमचंही राज्य झालं, मले एकदा रेवदंड्याला ने. अनंता थकला आता.

सौमित्र सरकारी कारकून. भोपाळहून फायलींचे गठ्ठे येऊन पडत होते. तो म्हणाला, "बस आई, दफ्तर जरा जम जाए, फिर चलते हैं." दफ्तर जमता जमता उन्हाळाही सरला.

राखीच्या दिवशी सौमित्रनं नारळ आणून आईपुढं ठेवला. मामाचा आला, पार्सल मीच उघडलं, म्हणाला. नारळ सोललेला होता, वर शेंडी ठेवलेला, गोल बाजारात पूजेच्या दुकानी मिळतो तसा. लहानपणापासून घाटावर त्यानं आईच्या हातात असाच नारळ पाहिला होता. त्याआधी तो कसा असतो, हे बघायला तो मागल्या दारी कधी गेला नव्हता.

विनोदिनीबाईंनी नारळ हातात घेऊन फिरवून पाहिला. मग विचारलं, "अनंता कधी गेला?"

खोटं पुढं रेटणं सौमित्रला जमलं नाही. ज्येष्ठात गेले. वाडीशेजारच्यांचा फोन दफ्तरात आला होता. आईचं हृदय नाजूक, सुट्टी मिळत नव्हती. राखी होऊन जाऊ दे, मग सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं.

"मग माझी राखी?"

त्यानं दफ्तराच्या पिशवीतून पाकीट काढून दिलं. तिकीट लावलेलं, तसंच.

त्या रडल्या नाहीत. भावाचं सुतक कधीच उलटून गेलं होतं. ज्येष्ठात शेजारच्या बारशाला आपण पाळणा म्हटला होता, एवढं त्यांना आठवलं. त्या मोरीत गेल्या आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं. कोपऱ्यात गेल्या वर्षीचा काथ्या पडला होता, झिजून मूठभर उरलेला. तो त्यांनी धुतला आणि पदरात बांधला.

घाटावर सौमित्रनं नारळ पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. हा देवळात दे, म्हणाल्या. काथ्याला राखी बांधली आणि तो पाण्यात सोडला. काथ्या हातभर पुढं गेला आणि हलत हलत पायरीशी परत आला. त्यांनी लोटला. पुन्हा आला.

"आई, चलो ना अब."

"थांब रे," त्या म्हणाल्या, "ओहोटी लागू दे."

आणि तिथंच पायरीवर बसून राहिल्या.