हौदाच्या काठावर
ओल्या टॉवेलचा वास आला की मला पारशिवनीकडच्या शेतातला तो हौद आठवतो. नागपुरात आमच्या घरी रविवारी प्रार्थनेला जमणाऱ्या मोजक्या कुटुंबांची एका सकाळी तिथे नवी बाप्टिस्ट मंडळी, म्हणजे स्वतःचं चर्च, स्थापन व्हायची होती. पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, अट एकच होती: तान्हेपणीचा बाप्तिस्मा चालणार नाही, समज आल्यावर जो पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेईल, तोच सभासद. "काहो, मायच्या मांडीवर असताना मले दिलेला बाप्तिस्मा खोटा होता काय?" आईने बाबांना विचारलं. "खोटा नाही वं," बाबा म्हणाले, "पण तवा तुले कुठं समजत होतं?" "मले तं आताही नाही समजून राहिलं," असं म्हणून ती टॉवेलांचा गठ्ठा घेऊन काठावरच उभी राहिली. मी बुडून वर आलो तेव्हा नाकातोंडात पाणी गेलं होतं, आणि काही कळायच्या आत आईचा टॉवेल डोक्यावर पडला. तिने सगळ्यांचीच डोकी पुसली. मग आंब्याखाली पाळक म्हणाले, "मंडळी स्थापन करायला जे तयार आहेत त्यांनी हात वर करा." आईचाही हात वर गेला. पाळक हळूच म्हणाले, "ताई, तुमचा हात मोजता नाही येणार." तिने त्याच हाताने ओले टॉवेल गोळा केले. आजही मंडळीत मतासाठी मी हात वर करतो, तेव्हा मागच्या बाकावर आई मांडीवर हात ठेवून बसलेली असते. आणि आमच्यापैकी आत कोण नि काठावर कोण, हे मला अजून सांगता येत नाही.