टू सम एक्स्टेंट

माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ चौथीतच मागे राहिले, ते सांभाळून घ्या. पण आमच्या भाओजींबद्दल, म्हणजे माझ्या नणंदेच्या यजमानांबद्दल, लिहायलाच हवं. उभ्या पेडण्यात कुठल्याही प्रश्नाला पुरतं उत्तर न देणारा असा माणूस दुसरा नाही. तुयेच्या कारखान्यात कुठल्याशा साहेबाच्या तोंडून त्यांनी 'टू सम एक्स्टेंट' उचललं, ते घरी आणलं आणि सगळ्यांना वाढत सुटले. पोट दुखायचं थांबलं काय? टू सम एक्स्टेंट. भात शिजला काय? टू सम एक्स्टेंट. नणंद डाव उगारायची, "शिजलो की नाय, तां एक सांगा!" एकदा मी भीतभीत अर्थ विचारला. त्यांनी माझ्याच बशीतला पाव उचलला. चिमूटभर तोडून तोंडात टाकला. "ह्यां टू सम एक्स्टेंट." मग मोठा तुकडा गेला. "ह्यां टू अ लार्ज एक्स्टेंट." उरलासुरलाही गेला. "आणि ह्यां इन फुल. समाजलां मां, वैनी?" समजलं. मी नुसता चहा प्याले.

त्यांच्या मुलीला पाहायला केरीची माणसं आली, तेव्हा मुलाच्या आईने विचारलं, "चेडवाक शिवण येता?" भाओजी गंभीरपणे म्हणाले, "टू सम एक्स्टेंट." बाईंचे डोळे चमकले. "टेंट शिवता? देवानंच धाडलां गे बाय! दर्यार आमचे पर्यटकांचे टेंट आसत, सदांच फाटतत!" मी पटकन चहाच्या बशा पुढे केल्या. लग्न जुळलं.

त्या लग्नात पैसे कमी पडले, म्हणून शिवणाच्या मशीनसाठी साठवलेले माझे पैसे मी दिले. परत मागायचा मला धीर झाला नसता. पण पगार झाला की भाओजी आपणहून यायचे, थोड्या नोटा ठेवायचे, "टू सम एक्स्टेंट" म्हणायचे आणि माझा पाव संपवून जायचे. त्या दिवशी मी पाववाल्या पोदेराकडून दोन पाव जास्त घेऊ लागले. एरवी आमच्याकडे गप्पा मारायला येतं कोण?

परवा ते आले. नोटा माझ्या हातात दिल्या. "वैनी, इन फुल."

आता मशीन येणार म्हणून आनंद झाला, पण नोटा मोजायच्या सोडून मी आधी पावाची बशी त्यांच्यापुढे सरकवली. धीर करून विचारलं, "मग यापुढे येत राहाल ना, भाओजी?"

"टू सम एक्स्टेंट," ते हसले. चिमूटभर पाव तोडून तोंडात टाकला, बाकीचा बशीतच ठेवला आणि चपला घातल्या. पैसे मात्र पुरते फिटले.