रजा मागणारे अध्यक्ष

अध्यक्षांनी आयुष्यात कधी काही मागितलं नाही. ते मागणी करायचे. चहा हवा असला तरी टपरीवाल्याकडे बोट रोखून म्हणायचे, "अर्धा कप, साखर कमी, ही आमची रास्त मागणी आहे." टपरीवालाही मुरलेला. "सहानुभूतीनं विचार करू," म्हणून तो आधी बाकीच्यांचे कप भरायचा. बीडमध्ये नगरपालिकेच्या शाळेत मी शिकवत होते तेव्हा आमच्या शिक्षक संघटनेचे ते अध्यक्ष. घरीसुद्धा बायको हाक मारायची, "अध्यक्ष, जेवून घ्या."

नात विचारते, "आजी, तू पण लीडर होतीस?" लीडर कसली, गॉगल घातलेली घोषणा होते! महिला आघाडीची सचिव. पेपरात फोटो आला तर पदर नीट दिसावा म्हणून मोर्च्याला जास्तीच्या पिना लावायची. एकदा भर चौकात "शिक्षक एकजुटीचा" अशी आरोळी ठोकली आणि पुढचं "विजय असो" आठवेना. म्हणून "धिक्कार असो!" करून टाकलं. मागच्या सगळ्यांनी ते दणक्यात उचललं. अध्यक्ष एवढंच म्हणाले, "असू द्या बाई, एकजूट तर दिसली."

एका वर्षी भर शाळेच्या वेळात नगरपालिकेचे साहेब आम्हाला सर्वेक्षणांना धाडायचे. आज संडास मोजा, उद्या जनावरं मोजा. इकडे वर्ग ओस. रस्त्यापलीकडे नवी इंग्रजी शाळा निघाली होती आणि तिची पिवळी गाडी मुद्दाम आमच्या फाटकाशी हॉर्न वाजवायची. पालक एकेक करून तिकडे वळत होते. आणखी थोडे गेले असते तर आमच्या शाळेला कुलूपच. आम्ही तावातावानं ठरवलं, बेमुदत बंद!

"करू," अध्यक्ष म्हणाले. "पण आधी रजा मागू. पोरगं गैरहजर राहिलं की आपण त्याच्या आईला बोलावतो. आपण गैरहजर राहणार, ते कोणाला विचारून?"

"मुख्याध्यापकांना," मी म्हणाले.

"ते तर मोर्च्यात आपल्याच मागं असणार, बाई!"

झालं. शनिवारी पालक बाकांवर आणि आम्ही फळ्यापाशी, हात बांधून. पहिल्या बाकावर गयाबाई. ती शेळ्या राखायची. लेकरं सगळी आमच्याकडे. मी तिच्यापुढे न्याय्य हक्क, एल्गार, आरपारची लढाई असं सगळं पाठांतर ओतलं.

"बाई, आदी त्यो काळा चष्मा काढा," ती म्हणाली. "मानूस खरं बोलतंय का न्हाई, कसं कळावं? हां. आता सांगा, रजा कावून पायजे?"

"आम्हाला शिकवू देत नाहीत."

"आन् म्हून तुमी शिकवनंच बंद करनार?"

अख्खा वर्ग हसला. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते बंद पंख्याकडे पाहत होते.

"माज्या शेळ्या मोजाया तुमीच आलत्या ना?" गयाबाई थांबायला तयार नव्हती. "त्या हायेत तितक्याच हायेत. लेकरं मातर वर्गात कमी व्हायलीत. ती कोन मोजायची?"

अध्यक्ष पुढे झाले. "गयाबाई, किती रजा द्यायची ते तुम्हीच सांगा. आमची काही मागणी नाही." असं वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.

बायकांत कुजबुज झाली आणि गयाबाईनं निकाल दिला, "सकाळी शाळा, दुपारून मोर्चा. आन् आमी संगं येनार. तुमी मोर्च्यालाच जाता का बाजारात, कोनाला ठावं!"

दुपारी मोर्चा निघाला. पुढे गयाबाई आणि तिची फौज. पिना लावलेली मी कुठेतरी मागे, धुळीत. कचेरीतले साहेब बाहेर आले. "शिक्षक कळले. या बाया कोण?"

"आमचे वरिष्ठ," अध्यक्ष म्हणाले.

आया समोर उभ्या राहिल्यावर साहेबांना नाही म्हणवेना. सर्वेक्षणं शाळेच्या वेळेतून हटली, आणि पुढच्या जूनमध्ये पलीकडे गेलेली काही लेकरं दप्तर घेऊन परत आली.

आमच्या मंडळींना मात्र हे पचलं नाही. "शिक्षकांना शेळीवालीपुढं उभं केलं!" असा प्रचार झाला आणि पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष आपटले. निवृत्ती जवळ आलीच होती. ती झाल्यावर ते पालीला, आपल्या गावी राहायला गेले. जाताना रुसवा नाही की फुगवा नाही. "मतं कमी पडतात, पडली," म्हणाले.

काही दिवसांनी गयाबाई फाटकाशी उभी. "आमचे अध्यक्ष दिसंनात कुठं?"

"गावी गेले. निवडणुकीत हरले ना."

"कोनी पाडलं?"

"शिक्षकांनीच."

तिनं कमरेवर हात ठेवले. मग म्हणाली, "आन् मत द्यायला आमाला कावून न्हाई बोलावलं?"