गंगीची साखळी

आक्का गोठ्यात शिरताना आधी दारात थांबून खाकरायची. घरात मोठी माणसं बसलेली असली की आपण बाहेर खाकरतो, अगदी तशी. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हसू आवरायचं नाही. ती म्हणायची, "हसतीस काय? त्यांच्या घरात चाललोय आपण. सांगून जायाला नको व्हय?"

आक्का माझी थोरली जाऊ. मी आटपाडीकडची, मेंढरांत वाढलेली. पाणी म्हणजे टँकर, एवढंच मला ठाऊक. सासर मिळालं सांगलीच्या अलीकडं, कृष्णेच्या काठावर. पहिल्या पावसाळ्यात तांबडी नदी बघून मी घरात जाऊन बसले. आक्कानं मला हाताला धरून परत काठावर नेलं. "बघून ठेव. शेजारीण हाय आपली. कवा कवा घरात बी येती."

मी बोलत नाही. लहानपणापासून तशीच. त्यात आमच्या घरची रीत अशी की धाकट्या सुनेनं थोरल्या दिरापुढं पदर घेऊन उभं राहायचं, तोंड उघडायचं नाही. दादा म्हणजे आक्काचे मालक, माझे थोरले दीर, फौजेतून रिटायर होऊन आलेले. त्यांच्याशी मी एकवीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते. चहा हवा का हेसुद्धा माझ्या मुलीला पाठवून विचारायचे. आक्काला हे पटत नसे. शेळीच्या औषधासाठी, रेडकाच्या दुधासाठी ती दादांशी भांडायची आणि आत येऊन मला म्हणायची, "त्यास्नी तोंड न्हाई म्हणून मी बोलती. तुला हाय न्हवं?" मी भाकरी थापत राहायचे.

पुढचं लिहिताना आजही राग येतो.

आमच्या काठावर पावसाळा लागला की जनावर बांधताना दाव्याची गाठ अशी मारतात की एका हिसड्यात सुटावी. पाणी आलं तर माणसाला धावायला वेळ मिळेल न मिळेल. पण महापूर आला त्या साली गावात दोन म्हशी चोरीला गेल्या आणि दादांनी आमच्या गंगी म्हशीसाठी लोखंडी साखळी आणली. साखळी गोठ्याच्या खांबाला, तिला पितळी कुलूप. आक्का म्हणाली, "आवं, पावसाळ्याचं कुलूप नगं." दादा म्हणाले, "तुझ्या गाठीनं चोराचं काम सोपं हुतंय."

मग आठ दिवस पाऊस थांबला नाही. धरणातून पाणी सोडल्याचं सांगत गाडी फिरून गेली. गंगी उभीच. आक्का सकाळी ओसरीवर येऊन म्हणाली, "गंगी कालधरनं बसली न्हाई. पाणी येणार."

"म्हशीला टीव्हीवरच्या बातम्या दिसत्यात व्हय?" दादा म्हणाले, आणि ओसरीवर बसलेले सगळे हसले. सासऱ्यांनी गोठ्याच्या खांबावर तांबड्या रंगानं जुन्या पुराची खूण करून ठेवली होती. दादांनी बोट दाखवलं. "आबांच्या खुणंच्या वर पाणी गेलेलं न्हाई. जाणार न्हाई."

एवढा भरवसा होता खुणेवर, तर गाडी का हलवली? नवी चारचाकी होती, सहा महिन्यांची. ती घेऊन दादा मलकापूरला लेकीकडं निघाले. गाडी तिथं ठेवून संध्याकाळी एसटीनं येतो म्हणाले. मी त्यांचा रिकामा कप उचलायला दारात उभी होते. त्यांनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. गाडीच्या किल्लीशेजारी गंगीच्या कुलपाची छोटी पितळी किल्ली लोंबत होती. मी बघितली. आक्का मागं शेळीपाशी होती. "दादा, किल्ली." एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी पदर पुढं ओढला आणि कप घेऊन आत गेले.

दुपारी पाणी अंगणात आलं. माझे मालक फलटणकडच्या कारखान्यात, त्यांच्या वाटा बंद. घरात आक्का, मी आणि माझ्या दोन मुली. शेळी, रेडकू, कोंबड्या सगळं जिन्यानं वर चढवलं. गंगी उरली. आक्कानं दादांना फोन लावला.

"किल्ली कुठं हाय?"

"माझ्यापाशी हाय. रस्ता बंद झालाय. पाणी खुणंच्या वर जात न्हाई म्हणून सांगितलं न्हवं? गप बस जरा."

आक्कानं फोन पोलक्यात खोचला. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि पाण्यात उतरली. गोठ्याच्या दारात पोचली तेव्हा पाणी कमरेला होतं. तिथंही ती खाकरली. मी ते विसरणार नाही.

मी तिच्या मागोमाग आत शिरले आणि गंगीचं तोंड दोन्ही हातांनी वर धरून ठेवलं. कुलूप पाण्याच्या जेमतेम वीतभर वर होतं. पाणी हललं की ते दिसेनासं व्हायचं. आक्का डाव्या हातानं कुलूप खांबाला दाबून धरी आणि उजव्या हातानं वरवंटा घाली. खांबावरची तांबडी खूण पाण्याखाली गेली. चौथा की पाचवा घाव तिच्या बोटांवर बसला. ती ओरडली नाही. म्हणाली, "धरून ऱ्हा गं, सोडू नगं." आणखी किती घाव घातले ते मला माहीत नाही. कुलूप उघडलं, साखळी खाली गेली. गंगी एकदा आमच्याकडं वळली आणि मग शाळेच्या टेकाडाच्या बाजूला पोहत सुटली.

वरच्या खोलीत दोन दिवस काढले. खोटं कशाला लिहू, त्या दोन दिवसांत आम्ही खूप हसलो. शेळी व्याली ती दादांच्या कॉटवर, त्यांच्या फौजेच्या घोंगडीवर. दोन करडं. एका कोंबडीनं त्यांच्या बुटात अंडं घातलं. आक्काची तीन बोटं लुगड्याच्या चिंधीत बांधलेली, काळीनिळी, तरी ती मुलींना म्हणाली, "फौजी माणसाची खोली हाय, लाइनीत बसा समद्यांनी." धाकटीनं करडांची नावं कॅप्टन आणि मेजर ठेवली. एका स्टोव्हवर सगळ्यांचा भात. रेडकाला दूध नव्हतं, आक्कानं शेळीचं पाजलं. गंगी वाचली का, हे कुणीच कुणाला विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी होडी आली. आक्काची बोटं मिरजेच्या दवाखान्यात दाखवेपर्यंत आठवडा गेला. ती परत कधी मिटली नाहीत. तिला धार काढता येईना. पाणी ओसरल्यावर पलीकडच्या वस्तीवरून निरोप आला, एक म्हैस आलीय, कुणाला जवळ येऊ देत नाही. आक्का चालत गेली. लांबूनच खाकरली. गंगी धावत आली.

आणि मग दादा गाडी घेऊन परतले. गावानं पुरात जनावरं वाचवणाऱ्यांचा सत्कार केला. त्यात त्यांचं नाव होतं. शाल, नारळ, फोटो. ते म्हणाले, "मी फोनवरनं सांगत गेलो आणि बायकांनी केलं." आक्का मागच्या रांगेत हात पदराखाली घेऊन बसली होती. घरी येताना मी कधी नव्हे ते तिला विचारलं, "आक्का, तुमी बोलला का न्हाई?"

"माझं मी काय बोलू? माझ्यासाठी कुणी बोलंल तर बोलंल."

मी बोलले नाही. त्याच महिन्यात दादांनी नवी साखळी आणली, नवं कुलूप आणलं. किल्ली परत त्याच जुडग्यात.

यंदा माघात आक्का गेली. पाच दिवस ताप, मग छाती भरली. तेराव्याला ओसरीवर पाहुणे बसले होते. दादा सांगत होते, "पुरात पाणी बघितलं आणि हिला म्हणालो, वरवंटा घे, कुलूप फोड."

मी वाढत होते. हातात आमटीचं भांडं होतं.

"दादा," मी म्हणाले, "किल्ली तुमच्या खिशात हुती."

माझे मालक माझ्याकडं बघत राहिले. एक म्हातारे पाहुणे म्हणाले, "आगं पोरी, ही वेळ हाय का?"

"वेळ तवाच हुती. मी दारात हुते. मला किल्ली दिसली हुती. मी बोलले असते तर आक्काची बोटं ऱ्हायली असती. तुमी किल्ली नेली आणि मी गप बसले. दोघांनी मिळून मोडली तिची बोटं. शाल मात्र तुमी घेतली."

मी उरलेल्या पंगतीला आमटी वाढली. भांडं हातात नीट राहिलं, सांडलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पितळी किल्ली ठेवलेली होती. दादांच्या जुडग्यातून काढलेली, एकटीच. माझा राग गेलेला नाही, दादांवरचा नाही आणि माझ्यावरचा तर नाहीच.

मी किल्ली उचलली, दावं घेतलं आणि गोठ्याच्या दारात जाऊन खाकरले.