मानपाड्याचे हिमालयवीर

रतन म्हात्रेचं पहिलं दर्शन झालं त्या संध्याकाळी डोंबिवलीत भूकंप झाला, असं प्रफुल्ल दांडेकरचं प्रामाणिक मत आहे. सोसायटीची सत्यनारायणाची पूजा होती. आरती संपून शिरा वाटणं चालू होतं, तोच फाटकातून एक घरघराट आत शिरला. पार्किंगमधल्या गाड्यांचे अलार्म एकामागून एक बोंबलायला लागले. चौरंगाचे केळीचे खांब थरथरले. दुसऱ्या मजल्यावरचे ठार बहिरे फडके आजोबा खिडकीत येऊन कोण ओरडतंय म्हणून विचारू लागले. बुलेटवरून जो माणूस उतरला त्याला उतरायला वेळ लागला, कारण तो बराच होता. गळ्यात लिफ्टच्या दोराएवढी चेन, बोटांत अंगठ्या, आणि तो मंडपाच्या दारात उभा राहिला तेव्हा आतल्यांना वाटलं, ट्यूब गेली.

ही सोसायटी ज्यांच्या भातशेतावर उभी होती त्या गोमाजी म्हात्रेंचा हा एकुलता एक मुलगा. पूजेचं पहिलं आमंत्रण दरवर्षी म्हात्रेंच्या घरी जायचं. गोमाजी असेपर्यंत ते येऊन हात जोडून जायचे, ते गेल्यावर आता रतन आला होता. लोकांनी त्याला खुर्ची दिली. खुर्चीने आधी कुरकुर केली आणि मग नशिबाचे भोग म्हणून सोडून दिलं.

शेजारच्या खुर्चीत प्रफुल्ल बसला होता. प्रफुल्ल ठाण्याला विम्याच्या ऑफिसात कामाला. त्याच्याकडे एक बिनगिअरची स्कूटर होती, तिच्यावरून तो पायांत पिशवी ठेवून भाजी आणायचा. पण जेवण झाल्यावर तो मोबाइलवर हिमालयातल्या बाईकस्वारांचे व्हिडिओ बघत बसायचा, आणि अशी वर्षं गेल्यामुळे सिमल्यापासून काझापर्यंतचं एकेक वळण त्याला पाठ झालं होतं. त्या संध्याकाळीही तो चार जणांना कुंझुम खिंडीतला रस्ता समजावून सांगत होता. रतन तोंड उघडं टाकून ऐकत राहिला. मग त्या एवढ्या मोठ्या देहातून शाळेत उशिरा पोचलेल्या मुलाचा आवाज निघाला.

"साहेब, तुम्ही सोता गेलेले तिकडं?"

खोटं बोलायला तोंड लागतं आणि प्रफुल्लचं तोंड शिऱ्याने भरलेलं होतं. पण मान मोकळी होती. ती हलली. इथपर्यंत दोष शिऱ्यावर ढकलता आला असता. पण शिरा गिळून झाल्यावर प्रफुल्लने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "दोनदा. काझालाही आणि लडाखलाही."

रतन खुर्चीतून उठला आणि सगळ्या सोसायटीदेखत त्याच्या पाया पडला. त्या क्षणापासून दांडेकर 'गुरुजी' झाला.

रतनला हिमालय बघायचा होता. दुसरं काही नाही. चाळींचं भाडं, गाळ्यांचं भाडं, गावकीची भांडणं, भावकीच्या हळदी यांत त्याची पन्नाशी आली होती आणि त्याने जवळून पाहिलेला सगळ्यात उंच डोंगर म्हणजे मलंगगड. बर्फ पाहिला होता तो मासळीच्या पेटीत. आपल्या मानपाडा गावातून निघायचं, बुलेटवरूनच जायचं आणि खऱ्या बर्फावर हात ठेवून यायचं, एवढीच त्याची हौस. पण रस्ता दाखवणारा माणूस मिळत नव्हता. आता मिळाला.

दर शनिवारी तो प्रफुल्लकडे येऊ लागला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरायचा, चारी कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या आणि प्रफुल्लने बोट फिरवायचं. नारकंडा, कल्पा, नाको, काझा. बोट वर चढताना रतनचाही श्वास लागायचा. कुठे पेट्रोल मिळतं, कुठे नाल्याचं पाणी दुपारनंतर वाढतं, कुठे सफरचंदाच्या बागांतून रस्ता जातो, हे प्रफुल्ल असं सांगायचा की जणू तिथल्या सफरचंदांनी त्याला नावाने हाक मारली होती. रतनही आपल्या परीने भर घालायचा. वाटेत खायला सुके बोंबील आणि सुकट घ्यावी, थंडीत टिकते. गुरुजी खात नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वेगळ्या डब्यात तांदळाच्या पापड्या. आणि प्रत्येक खिंडीत फोडायला एकेक नारळ. तिकडे नारळ मिळत नाहीत हे कळल्यावर त्याने सगळे नारळ इथूनच न्यायचं ठरवलं, आणि त्यासाठी बुलेटला दोन्ही बाजूंनी लोखंडी पेट्या करून घेतल्या. गुरुजींसाठीही भाच्याची बाईक तयार ठेवली. तिलाही पेट्या लावल्या.

इथे पहिल्यांदा प्रफुल्लचं नकाशावरचं बोट थांबलं. त्याला गिअरची गाडी चालवता येत नव्हती.

मग फ्लेक्स लागला. गावातला कोणी साधा शिर्डीला निघाला तरी नाक्यावर फ्लेक्स लागतो, हे तर हिमालयाचं काम. मानपाडा नाक्यावर रिक्षा स्टँडच्या वर प्रफुल्ल झळकला. ऑफिसच्या ओळखपत्रावरचा त्याचा घाबरट फोटो कापून त्याला काळा गॉगल चढवला होता आणि मागे बर्फाच्छादित शिखरं होती. खाली 'लडाख दोनदा सर करणारे हिमालयवीर प्रफुल्लजी दांडेकर यांना हार्दिक शुभेच्छा, समस्त ग्रामस्थ मंडळ'.

त्याची बायको नीला भाजीवरून येताना तो फ्लेक्स वाचून आली. पिशवी ओट्यावर ठेवली, पाणी प्यायली आणि शांतपणे म्हणाली, "अरे, महाबळेश्वरला जाताना तू पसरणीच्या घाटात माझ्या पर्समध्ये उलटी केलेलीस. लडाखला कुणाची पर्स नेलेलीस?"

प्रफुल्ल म्हणाला, वेळ बघून सांगतो रतनला.

"वेळ कसली बघतोस? तो बिचारा तुझ्यासाठी पापड्या करून घेतोय. तू सांग, नाहीतर मी सांगते."

पण प्रफुल्लने वेगळाच मार्ग काढला. गिअरची गाडी शिकूनच घेऊ, म्हणजे खोटं निम्मं तरी खरं होईल. डोंबिवलीत शिकायची सोय नव्हती, कारण प्रत्येक नाक्यावर त्याला "काय हिमालयवीर" म्हणून हाक मारणारं कोणी ना कोणी भेटायचं. म्हणून ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत, दर्शना नावाची एक तरुण मुलगी बायकांना गाडी शिकवायची तिच्याकडे त्याने नाव घातलं. जेवणाच्या सुट्टीत तो ऑफिसातून सटकायचा आणि मागे बसलेली दर्शना त्याच्या कानात जप चालवायची, "काका, क्लच. काका, क्लच." काका क्लच सोडायचे आणि गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडायची.

एका दुपारी गाडी अशीच उडी मारून थांबली ती एका चहाच्या टपरीपुढे. टपरीवर खाकी कपड्यात धाकू उभा होता. धाकू म्हणजे रतनचा मेहुणा, एसटीत ड्रायव्हर. गावातल्या एकविरा देवीच्या जागरणाला त्यानेच प्रफुल्लला खांद्यावर घेऊन नाचवलं होतं. हातातला ग्लास तसाच धरून त्याने आदराने विचारलं, "गुरुजी, तुम्ही इकडं?"

"या मुलीला जरा गाडी शिकवतोय," प्रफुल्ल म्हणाला.

धाकूने मागे बसलेल्या दर्शनाकडे पाहिलं. तिच्या जाकिटावर पाठीपोटावर मोठ्या अक्षरांत 'प्रशिक्षक' लिहिलेलं होतं. त्याने चहाचा ग्लास ठेवला आणि तो डेपोत निघून गेला. तो गेल्यावर दर्शना खाली उतरली आणि म्हणाली, "काका, आता मला जरा स्टँड लावायला शिकवा."

प्रफुल्लला स्टँडही लावता आला नाही. गाडी त्याच्या पायावर आली.

मानपाड्याच्या गावात एक रीत आहे. कुठलंही मोठं काम काढलं की आधी कार्ल्याच्या एकविरा आईला जायचं, नारळ ठेवायचा आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. हिमालयासाठी तर अख्खी भावकी निघाली. बायकामुलं, ढोलकी आणि डबे टेम्पोत, आणि पुढे दोन बाईकवर दोन वीर, असा बेत. खंडाळ्याचा घाट वाटेत होता. प्रफुल्लने पहाटेच उजव्या मनगटाला भरपूर क्रेप बँडेज गुंडाळलं आणि आरशासमोर कण्हून पाहिलं. नीलाने ते बघितलं आणि दार लावून घेतलं.

गावात पोचल्यावर त्याने बँडेजचा हात छातीशी धरला, चेहरा वेदनेचा केला आणि तोंड उघडलं. पण कोणी काही विचारण्याआधीच रतन सगळ्यांना मोठ्याने म्हणाला, "गुरुजी माझे मागं बसतील. मना रस्त्यात बोलायला कोनतरी पाहिजे. ती दुसरी गाडी राहूदे घरी."

बँडेजकडे त्याने पाहिलंही नाही. त्याच्याबद्दल कोणीच काही विचारलं नाही. तो जाडजूड हात प्रफुल्लने दिवसभर बिनकामाचा सांभाळला.

खंडाळ्याच्या घाटात त्याला उलटी झाली. गाडी थांबवेपर्यंत थोडी रतनच्या पाठीवरच झाली. बर्फासाठी मुद्दाम घेतलेलं नवं कोरं जाकीट होतं ते. रतनने गाडी कडेला घेतली, प्रफुल्लचं कपाळ आपल्या पंजात धरलं, बाटलीतलं पाणी त्याच्या मानेवर ओतलं, मग जाकीट काढून घडी करून पेटीत ठेवलं. मागून टेम्पो आला तेव्हा त्याने हात दाखवून त्यांना पुढे जायला सांगितलं आणि स्वतः प्रफुल्ल दिसू नये असा त्याच्यापुढे उभा राहिला. तेवढी रुंदी त्याच्याकडे होती.

देवळात रतनची आई भागीरथी नारळ घेऊन उभी होती. प्रफुल्लला तिने हाताला धरून गाभाऱ्यासमोर आणलं, नारळ त्याच्या तळव्यावर ठेवला आणि स्वतःचा सुरकुतलेला हात वर ठेवला.

"गुरुजी, यो माझा एकच पोर हाय. तुमी दोनदा जाऊन आलेले, तुमाला सगला ठाव. आईचे समोर बोला, याला नीट घेऊन येतो म्हनून."

मागे सगळी भावकी थांबली. ढोलकी थांबली. प्रफुल्लला कळलं की आता मान हलवून भागणार नाही. त्याने ओठ उघडले. काय बोलणार होता हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि पुढे कितीही आठवलं तरी कळलं नाही.

रतनने पुढे होऊन नारळ काढून घेतला. "आये, त्याहीना नको घालू शपथ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मी बोलतो मंग तुला."

तेव्हा प्रफुल्लला समजलं की याला ठाऊक आहे. धाकूने सांगितलं होतं, कधीच सांगितलं होतं. आणि तरी पेट्या भरल्या, पापड्या झाल्या, आजची सकाळही झाली.

उतरताना इतर पुढे गेले आणि हे दोघं पायरीवर टेकले. प्रफुल्लने सगळं सांगितलं. शिऱ्यापासून बँडेजपर्यंत. सांगता सांगता ते बँडेज तो सोडत गेला आणि शेवटी त्याचा एक लांबलचक पट्टा पायरीवर पडला. रतन ऐकत होता, एक पाय हलवत. सगळं झाल्यावर त्याने पाय थांबवला. मग त्याच शाळकरी आवाजात त्याने विचारलं, "गुरुजी, तो रस्ता तरी खरा हाय ना?"

"रस्ता खरा आहे," प्रफुल्ल म्हणाला.

"ती सफरचंदाची झाडं?"

"तीही."

"मंग बरं," रतन म्हणाला आणि बँडेजची गुंडाळी करून त्याने प्रफुल्लच्या खिशात ठेवली.

गावात त्याने सांगितलं की मोहीम रद्द, डॉक्टरने त्याला उंचावर जायला बंदी केली आहे, छातीत दुखतं. गुरुजींचं नावही त्याने घेतलं नाही. भागीरथीने काळजीने त्याचा भात कमी केला. नाक्यावरच्यांनी मात्र त्याला सोडलं नाही. एका संध्याकाळी प्रफुल्ल नाक्यावर कोथिंबीर घेत होता, वर त्याचाच फ्लेक्स होता, आणि खाली रिक्षावाले खिदळत होते. एवढी बुलेट, एवढी चेन आणि काळीज कोंबडीचं, असं कोणीतरी म्हणालं. दुसरा म्हणाला, "गुरुजींची पण फुकट बदनामी केली रतनशेठनं." मग ते प्रफुल्लकडे वळले. "काय गुरुजी, खरं ना?"

प्रफुल्लचं तोंड या वेळी अगदी रिकामं होतं. शिरा नव्हता, काही नव्हतं. त्याने कोथिंबिरीची जुडी पिशवीत घातली, स्कूटर चालू केली आणि घरी आला.

नीलाला त्याने हे सांगितलं नाही. शनिवारी त्याने नकाशा पसरला, कोपऱ्यांवर बरण्या ठेवल्या. बुलेटचा आवाज आला नाही. पुढच्या शनिवारीही नाही. फोन केला तर रतन नीट बोलायचा, तब्येत विचारायचा, येतो म्हणायचा.

पावसाळ्याच्या आधी फ्लेक्स उतरला. तो आता नाक्यावरच्या अंडाभुर्जीच्या गाडीवर ताडपत्री म्हणून बांधलेला आहे, प्रफुल्लचं तोंड आतल्या बाजूला, कढईच्या बरोबर वर.

पुढच्या मे महिन्यात रतन टूरवाल्यांच्या बसने बायकोला आणि आईला घेऊन सिमला-मनालीला जाऊन आला. प्रफुल्लला ते भुर्जीवाल्याकडून कळलं.