लाईव्हवालीचा राहिलेला व्हिडिओ

आमच्या गावातली लाईव्हवाली विचारल्याशिवाय कोणाचंही तोंड फोनमध्ये घेत नसे. बैलजोडी दिसली तरी धन्याला हाक मारायची, "भाऊ, बैल दाखवू का?" धनी हसायचा, ती हसत नसे. हो म्हटल्यावरच फोन वर जायचा. तिला नाव होतं, शाळेच्या दाखल्यावर असेल. फोनवरून गावातलं लाईव्ह दाखवायची म्हणून गावात सगळे लाईव्हवालीच म्हणायचे.

ती मूळची धानोऱ्याकडची. तिची माय शाळेत खिचडी शिजवायच्या कामावर आमच्या गावात, सावली तालुक्यात आली, तिच्याबरोबर ही. हिला सिकलसेल, रक्ताचा आजार, होता. त्यामुळे लग्न झालं नाही. सांधे धरले की चार-चार दिवस खाटेवर, आणि मधूनमधून रक्त चढवायला चंद्रपूरला. शेतात वाकायचं काम तिला जमणारं नव्हतं. मग ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून आमचं काम लोकांना दाखवायची. धान रोवणाऱ्या बाया, त्यांची गाणी, मोहफूल वेचणं, आठवडी बाजार. पाहणारे कोण, तर तेलंगणात मिरची तोडायला गेलेले आमचेच लोक आणि लांब दिलेल्या लेकी. मी एकदा म्हटलं, "चिखल काऊन दाखवतेस वं? चिखल पाहाले कोण बसलं आहे?" ती म्हणाली, "ज्याच्या पायाले आता लागत नाई तो पाह्यते, बाई." बोलणं मला पटलं. तसं मी सांगितलं नाही.

माझी जाऊ वारली त्या वर्षीच्या रोवण्यातली गोष्ट. आम्ही दोघी चाळीस वर्षं एका अंगणात राहिलो, त्यातली अर्धी अबोल्यात. बांधीत, धानाच्या चिखलात उतरलं की गाणं सुरू करायचं ते तिनेच. त्या दिवशी बायांनी मला म्हटलं, आता तू धर. मी धरलं आणि दुसऱ्याच ओळीला गळा बसला. धुऱ्यावर येऊन बसले आणि रडले. मी रडणारी बाई नाही. नवरा गेला तेव्हा मी रडले नाही म्हणून लोकांनी नावं ठेवली होती. लाईव्हवालीने फोन पळसाच्या बेचक्यात अडकवला, माझ्याजवळ येऊन बसली, माझा चिखलाचा हात मांडीवर घेतला आणि उरलेलं गाणं तिने म्हटलं. आवाज काही चांगला नव्हता. फोन चालूच आहे हे मला मागाहून कळलं. मी तिला पुष्कळ बोलले. ती म्हणाली, "सुरू करताना विचारलं होतं, बाई. रडताना विचाराचं राह्यलं."

पुढे दोनेक वर्षांनी तिच्या फोनवर निरोप आला. ती ज्या ॲपवर लाईव्ह करायची ते लोक जुने साठवलेले लाईव्ह काढून टाकणार होते. ठेवायचे असतील तर मुदतीच्या आत उतरवून घ्या. सगळ्यांना वाटलं ही रडेल. तिने एक वही आणली. कोणता लाईव्ह, कोणत्या दिवसाचा, त्यात कोण कोण, सगळं लिहून काढलं. ते उतरवून दुसऱ्या व्हिडिओच्या ॲपवर नेऊन टाकायचे, असं तिने ठरवलं. आणि त्याआधी वही घेऊन ती घरोघरी निघाली. मी म्हटलं, एकदा विचारलं होतंस ना, आता पुन्हा कशाला? ती म्हणाली, "तेव्हा त्या जागेसाठी विचारलं होतं. आता दुसऱ्या जागी नेऊन राह्यली." जे वारले होते त्यांच्या मुलांना विचारलं. तेलंगणात गेलेल्यांना फोन केले. एका म्हातारीने, माझ्या बकरीला विचार म्हणून तिची थट्टा केली. बकरीच्या नावापुढेही तिने बरोबरची खूण केली.

गावात नेट फक्त बोडीच्या, लहान तळ्याच्या पाळीवर लागायचं. शाळेतून मायने दिलेला डबा घेऊन ती तिथे बसायची. फोनमध्ये जागा थोडी, म्हणून एक व्हिडिओ उतरवायचा, दुसरीकडे टाकायचा, फोनमधून पुसायचा, मग पुढचा. एकाला अर्धी दुपार जाई. मध्ये कोणाचा फोन आला की पुन्हा पहिल्यापासून. मी बकऱ्या घेऊन गेले की टोमणा मारायचे, "काऊन वं, बगळ्यावानी बसून राह्यली?" ती म्हणायची, "फोन जेवून राह्यला, बाई. अर्धा झाला." गुडघे सुजलेले दिसत. घरी जा म्हटलं तर वही दाखवायची, अजून एवढे राहिले म्हणून.

माझ्याकडे ती शेवटी आली. मी सांगितलं, "बाकीचे ने. तो रडलेला नको. माझं रडकं तोंड जाते तर जाऊ दे."

तिने वहीत पाहिलं. "पक्कं, बाई?"

"पक्कं."

पेन धरून ती थोडी थांबली. मग पुन्हा विचारलं, "पक्कं?" बाकी कोणाला तिने दोनदा विचारलं नव्हतं. मी चिडून हो म्हटलं. तिने फुली मारली, पाणी प्यायली आणि गेली.

मुदतीच्या दोन दिवस आधी तिचं काम संपलं. त्याच हिवाळ्यात तिच्या छातीत दुखू लागलं, श्वास पुरेना. चंद्रपूरला नेलं, पाचव्या दिवशी परत आणलं ते मयतच. त्यांच्या समाजाच्या रीतीप्रमाणे तिला पुरलं. मी माती टाकली आणि घरी येऊन बकऱ्या बांधल्या.

महिन्याभराने तिची माय माझ्या ओट्यावर येऊन बसली. तिने सगळे व्हिडिओ पाहिले होते, एकेक करून. म्हणाली, "पोरीचा आवाज हाये सगळ्यात. तोंड कोण्यातच नाई. तुमच्याजवळ काही हाये का, बाई?" आधार कार्डावरचा फोटो होता तिच्याकडे. तिला चालती-बोलती पोरगी पाहिजे होती.

मला लगेच आठवलं. खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "एक होता. त्यात ती माझ्याजवळ बसली होती. मी नेऊ दिला नाही, तो गेला."

मला वाटलं माय शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "कशी दिसत होती?"

मी सांगितलं. केस धुतलेले, मोकळे. हिरवी ओढणी कमरेला बांधलेली. गाताना डोळे मिटत होती. एक ओळ चुकली, तर स्वतःच हसली. माझ्या हाताचा चिखल तिच्या गालाला लागला होता, तो तिने पुसला नाही.

"आणखी एकदा सांगा," माय म्हणाली.

आता खिचडीची भांडी घासून झाली की ती येते. बसते. मी पहिल्यापासून सांगते. माझंही वय झालं. परवा सांगताना मी निळी ओढणी म्हणाले.

"हिरवी, बाई," ती म्हणाली.

"हो," मी म्हटलं, "हिरवीच."